विहिरीतलं पाणी नदीचंच: कार्मेल नदी आणि एका पाणीपुरवठा कंपनीची सव्वीस वर्षं

६ जुलै १९९५ रोजी कॅलिफोर्नियाच्या राज्य जलसंपत्ती नियंत्रण मंडळाने ९५-१० क्रमांकाचा आदेश काढला. तो माँटेरे द्वीपकल्पाला पाणी पुरवणाऱ्या ‘कॅलिफोर्निया अमेरिकन वॉटर’ या खासगी कंपनीसाठी होता. तिथले लोक तिला ‘कॅल-ॲम’ म्हणतात. मंडळाने हिशेब मांडला तो असा: कंपनी कार्मेल नदीतून वर्षाला सरासरी १४,१०६ एकर-फूट पाणी उचलते, आणि त्यातल्या फक्त ३,३७६ एकर-फुटांवर तिचा हक्क शाबीत होतो. उरलेलं १०,७३० एकर-फूट पाणी हक्काविना उचललेलं आहे. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. म्हणजे गावात पोचणाऱ्या नदीच्या दर चार बादल्यांपैकी तीनहून थोडं जास्तच पाणी कायद्याच्या बाहेरचं होतं.

हे पाणी कुणी रात्री चोरून नेत नव्हतं. विहिरी उघड्यावर होत्या, पंपांना मीटर होते, आकडे दरवर्षी नोंदले जात होते. लाखभर लोक त्या पाण्यावर जगत होते. तरी ही गोष्ट इतकी वर्षं चालली कशी, आणि आदेश निघाल्यावर ती सुधारायला सव्वीस वर्षं का लागली, हे दोन प्रश्न मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटतात. नदीतून किती उचलायचं यावर नियामकाने मर्यादा घातली की पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेत काय काय हलतं, ते इथे पायरीपायरीने दिसतं.

एकच नदी

माँटेरे, पॅसिफिक ग्रोव्ह, कार्मेल-बाय-द-सी, सीसाइड ही या द्वीपकल्पावरची छोटी गावं. हॉटेलं, गोल्फची मैदानं, मत्स्यालय, समुद्रकाठचे रस्ते यांवर त्यांचं पोट चालतं. राज्याचे आणि केंद्राचे मोठे कालवे इथवर आलेले नाहीत. जे पाणी इथे पडतं तेवढंच इथे आहे. कार्मेल नदी सांता लुसिया डोंगरात उगम पावते आणि सुमारे ५८ किलोमीटर वाहून पॅसिफिकला मिळते. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, आणि पाण्याची मागणी नेमकी उन्हाळ्यात वाढते.

या नदीवर पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं. रेल्वेवाल्यांनी काढलेल्या डेल माँटे हॉटेलला पाणी हवं होतं, आणि धरण बांधायला, नळ टाकायला चिनी मजूर राबले. १९२१ मध्ये सुमारे ३२ मीटर उंचीचं सॅन क्लेमेंटे धरण झालं, १९४९ मध्ये आणखी वर लॉस पाद्रेस. हे डोंगर ठिसूळ आहेत, वणवे लागतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात उतारावरची माती नदीत येते. दोन्ही जलाशय गाळाने भरत गेले. सॅन क्लेमेंटेच्या मागे शेवटी शेवटी पाणी नावापुरतं उरलं होतं.

धरणात पाणी मावेना, तसतशी पुरवठ्याची सारी मदार नदीकाठच्या विहिरींवर आली. कॅल-ॲमने ही व्यवस्था १९६६ मध्ये आधीच्या कंपनीकडून विकत घेतली तेव्हा हे वळण सुरू झालेलंच होतं. कार्मेल खोऱ्याच्या तळाशी वाळू-गोट्यांचा जाड थर आहे. त्यात विहीर खणली की भरपूर, स्वच्छ, गाळलेलं पाणी मिळतं. कुठल्याही पाणीपुरवठा अभियंत्याला याहून सोयीचा स्रोत सापडणार नाही, आणि घोटाळा इथेच झाला.

विहीर की नदी

कॅलिफोर्नियात त्या काळी भूजल उपसायला राज्याची परवानगी लागत नसे. नदीचं पाणी वळवायला मात्र लागत असे. १९१४ साली जलआयोगाचा कायदा लागू झाला, तेव्हापासून नव्या वापरकर्त्याने राज्याकडून परवाना घ्यायचा, असा नियम. कंपनीची बाजू थोडक्यात अशी होती की आम्ही विहिरीतून पाणी काढतो, नदीतून नाही.

पण कायद्यात तिसरा एक प्रकार होता. जमिनीखालून ठरावीक, ओळखता येण्याजोग्या पात्रातून जाणारं पाणी हा ‘भूमिगत प्रवाह’, आणि त्याला नदीचेच नियम लागू. कार्मेलचं खोरं अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कठीण खडक, मध्ये वाळूचा पट्टा, आणि त्या पट्ट्यातून पाणी नदीच्याच दिशेने सरकतं. मंडळाने पुरावा तपासला आणि निष्कर्ष काढला की हे पाणी नदीचंच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

मला हे वाक्य साऱ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. वाळूतून उपसा केला की नदीचं पाणी वाळूत उतरतं; आधी धार बारीक होते, मग तुटते. ज्याने उन्हाळ्यात नदीकाठी पंप चालताना पाहिला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पण कागदावर विहीर एका खात्यात आणि नदी दुसऱ्या खात्यात अशी विभागणी असली, की दोन्हीकडचा माणूस आपापला हिशेब बरोबर आहे असं प्रामाणिकपणे मानू शकतो. इथे तेच घडलं.

मंडळाने जे ३,३७६ एकर-फूट मान्य केले, त्याची फोडही पाहण्यासारखी आहे. १९१४ पूर्वीच्या वहिवाटीचे १,१३७, काठच्या जमिनीच्या हक्काचे ६०, आणि लॉस पाद्रेस धरणाच्या परवान्यातले २,१७९. परवाना मुळात ३,०३० एकर-फुटांचा होता. जलाशयात गाळ साचून तेवढं पाणी साठवणंच अशक्य झालं, म्हणून हक्कही तेवढा आटला. धरणातला गाळ हा आपण देखभालीचा विषय समजतो. इथे त्याने कायदेशीर हक्क खाल्ला.

काठावर काय दिसत होतं

१९७६-७७ च्या दुष्काळात पंप जोरात चालले. खालची पाणीपातळी उतरली तशी काठावरच्या विलो आणि कॉटनवुडच्या झाडांची मुळं कोरडी पडली. झाडं वाळली. मुळांनी धरून ठेवलेला काठ मोकळा झाला. पुढच्या काही वर्षांत पूर आले तेव्हा पात्र फाकलं, काठ ढासळले, लोकांच्या जमिनी वाहून गेल्या. पाणी विहिरीतून काढलं आणि नुकसान पुरात झालं. मध्ये काही वर्षं गेल्यामुळे हा संबंध लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. याच दुष्काळानंतर द्वीपकल्पासाठी वेगळा ‘जलजिल्हा’, म्हणजे पाण्याचं व्यवस्थापन पाहणारी सार्वजनिक संस्था, स्थापन झाला.

दुसरं नुकसान स्टीलहेड माशाचं. हा ट्राउटच्या जातीचा मासा. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. पिल्लं एक-दोन वर्षं गोड्या पाण्यात राहतात. त्यांना उन्हाळाभर वाहतं पाणी लागतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा सलग काही वर्षं कार्मेल नदी समुद्राला मिळालीच नाही. परत आलेला मासा मुखाशी वाळूच्या बांधाबाहेर थांबणार, आणि आतली पिल्लं आटत जाणाऱ्या डबक्यांत अडकणार.

दर उन्हाळ्यात ही पिल्लं उचलायची मोहीम निघते. माणसं गुडघाभर पाण्यात उतरतात, जाळी धरतात, हाती लागलेली बोटभर पिल्लं बादलीत टाकतात, बादल्यांतून टाकीत, टाकीतून वरच्या वाहत्या पाण्यात किंवा संगोपन केंद्रात नेतात. आज जिथे डबकं आहे तिथे आठवड्याने पांढरे गोटे उरतात, म्हणून घाई असते. ही माणसं जे करतात त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण पिल्लं बादलीने हलवावी लागणं हाच नदीचा ताळेबंद आहे. मंडळाकडे तक्रार करणाऱ्यांत स्टीलहेडप्रेमींची स्थानिक संघटना होती, यात नवल नाही. १९९७ मध्ये या किनाऱ्यावरचा स्टीलहेड केंद्राच्या यादीत ‘धोक्यात आलेला’ म्हणून नोंदला गेला.

तारीख नसलेला आदेश

मंडळासमोर पेच खरा होता. १०,७३० एकर-फूट उद्यापासून बंद म्हटलं असतं तर नळ कोरडे पडले असते. म्हणून आदेशात टप्पे आले: आधी १५ टक्के, मग २० टक्के कपात, म्हणजे ११,२८५ एकर-फुटांवर या, बाकीच्याला पर्यायी स्रोत शोधा, आणि तोवर नदीवरचा भार कमी करण्यासाठी शेजारच्या सीसाइड भूजल खोऱ्यातून जास्तीत जास्त घ्या.

निदान अचूक होतं. पण पर्याय कधीपर्यंत, याला तारीख नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वरच्या अंगाला नवं मोठं धरण बांधण्याचा प्रस्ताव मतदारांसमोर आला आणि त्यांनी तो फेटाळला. धरण आलं तर गाव फुगेल ही भीती, खर्च, नदीचं काय होणार, अशी कारणं अनेक होती. त्यानंतर किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या योजना एकामागून एक आल्या. २००४ मध्ये एक, मग तिच्या जागी सार्वजनिक संस्थांना बरोबर घेऊन प्रादेशिक प्रकल्प. त्याला २०१० च्या अखेरीस मंजुरीही मिळाली, आणि एका सार्वजनिक मंडळाच्या सदस्याच्या हितसंबंधांचं प्रकरण बाहेर येऊन तो कोसळला. २०१२ मध्ये कंपनीने पुन्हा नवा अर्ज केला.

इकडे सीसाइडच्या खोऱ्यावर भार चढला. तिथली नैसर्गिक भरपाई वर्षाला सुमारे ३,००० एकर-फूट मानली गेली, आणि उपसा त्याच्या कितीतरी वर गेला होता. समुद्र जवळ, म्हणजे खारं पाणी आत शिरायची भीती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये निकाल लागला: सर्वांचे वाटे ठरले, उपसा टप्प्याटप्प्याने खाली आणायचा. कॅल-ॲमचा वाटा शेवटी १,४७४ एकर-फुटांवर यायचा होता.

एका नदीवरची मर्यादा पाळताना भार शेजारच्या भूजलावर ढकलला गेला, आणि दहा-अकरा वर्षांत तिथेही मर्यादा आली. मंडळाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण नदीला लागू केलेला विचार त्यांनी शेजारच्या खोऱ्याला त्याच वेळी लावला असता, तर दुसऱ्यांदा तीच वेळ आली नसती.

२००९ चा ‘थांबा’ आदेश

२० ऑक्टोबर २००९ रोजी मंडळाने उपसा थांबवण्याचा दुसरा आदेश काढला. आता तारीख होती: ३१ डिसेंबर २०१६. तोवर दरवर्षी ठरलेली कपात, आणि नव्या नळजोडण्यांना बंदी. असलेल्या जागेत वापर बदलून पाणी वाढत असेल तर तेही बंद.

या बंदीचा अर्थ घराच्या नकाशावर काय होतो ते पाहिलं की ती कळते. या द्वीपकल्पावर जलजिल्हा प्रत्येक घरातले बेसिन, शौचकूप, शॉवर, कपडे धुण्याचं यंत्र मोजतो. प्रत्येक नगाला ठरलेले गुण आहेत आणि घराचे एकूण गुण ठरलेले आहेत. न्हाणीघरात दुसरं बेसिन बसवायचं तर आधी तेवढी बचत दाखवा: जुनं शौचकूप काढून कमी पाण्याचं लावा, त्याचे गुण मोकळे करा, मग परवाना मागा. घराच्या कागदपत्रांवर तशी अट नोंदली जाते. मोकळा भूखंड असेल आणि त्याच्या नावे पाणी नसेल, तर तो भूखंड तसाच राहतो. जमीन आहे, पैसे आहेत, नकाशा मंजूर व्हायच्या लायकीचा आहे, आणि मीटर नाही.

२०१६ उजाडलं तेव्हा गोड्या पाण्याचा कारखाना झालेला नव्हता. मंडळाने मुदत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत वाढवून दिली, पण अट बदलून. उपशाची वरची मर्यादा ८,३१० एकर-फूट. आणि पर्यायी पुरवठ्याच्या कामात दरवर्षी एक ठरलेला टप्पा गाठायचा, तो चुकला तर मर्यादेतून थेट १,००० एकर-फूट वजा. माझ्या मते हाच या प्रकरणातला सर्वांत उपयोगी कागद आहे. पहिल्या आदेशाने दोष दाखवला, दुसऱ्याने शेवटची तारीख दिली, तिसऱ्याने मधली प्रत्येक वर्षं मोलाची केली. दूरची तारीख असली की कंपनी, जलजिल्हा, नगरपालिका आणि विरोधक सगळेच आपापल्या जागी बसून राहू शकतात. पुढच्या सप्टेंबरला हजार एकर-फूट जाणार म्हटल्यावर तसं बसता येत नाही.

पाणी शेवटी कुठून आलं

मोठ्या कारखान्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असताना तीन गोष्टी शांतपणे चालू होत्या.

पहिली, वापर घटला. पायऱ्यापायऱ्यांचे दर, म्हणजे जितकं जास्त वापराल तितका पुढचा लिटर महाग. जुन्या उपकरणांच्या बदल्यात सवलत. आणि दुष्काळांची आठवण. कंपनीचा एकूण पुरवठा, म्हणजे सगळे स्रोत मिळून, दहा हजार एकर-फुटांच्या खाली आला. याची किंमतही लोकांनी दिली. पाणीपुरवठ्याचा बहुतेक खर्च पाणी कितीही विकलं तरी तोच राहतो: नळ, पंप, माणसं, कर्ज. विक्री घटली की तोच खर्च कमी लिटरांवर वाटला जातो. लोकांनी पाणी वाचवलं आणि पुढच्या वर्षी दर वाढले. इथली पाणीपट्टी देशातल्या सर्वांत महागड्यांत गणली जाऊ लागली. बचत करणाऱ्या माणसाला ही शिक्षा वाटते, आणि त्याचं वाटणं चुकीचं नाही. हे आधी उघडपणे समजावून सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट हिवाळ्याच्या पाण्याची. नदी भरून वाहते तेव्हा माशांसाठी ठरवलेल्या प्रवाहाच्या वरचं पाणी वेगळ्या परवान्याने उचलायचं, शुद्ध करायचं आणि सीसाइडच्या खोऱ्यात विहिरींवाटे खाली सोडायचं. उन्हाळ्यात तेच वर काढायचं. ज्या खोऱ्याचा अतिउपसा झाला होता, तेच आता साठवणीचं भांडं झालं.

तिसरी, आणि सर्वांत मोठी, सांडपाण्याची. ‘प्युअर वॉटर माँटेरे’ या सार्वजनिक प्रकल्पात गावांचं सांडपाणी, शेजारच्या सालिनास भागातलं भाजी धुतलेलं पाणी आणि पावसाचं वाहून जाणारं पाणी एकत्र येतं. त्यावर ओझोनची प्रक्रिया होते, मग बारीक पडद्यांतून गाळणी, मग उलट परासरण (आरओ), आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील किरण. ते पाणी खोऱ्यात सोडतात, तिथे ते काही काळ मुरतं आणि मग पुरवठ्यात येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये हे सुरू झालं. क्षमता वर्षाला ३,५०० एकर-फूट. नदीवरच्या हक्काच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा: एका जुन्या नदीवर जेवढा हक्क शाबीत झाला, त्याहून थोडं जास्तच पाणी वापरलेल्या पाण्यातून उभं राहिलं.

२०२१ संपलं तेव्हा कॅल-ॲमचा कार्मेल नदीवरचा उपसा हक्काच्या मर्यादेत आला होता. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यातून तोवर गावात एक थेंबही आलेला नव्हता.

त्या कारखान्याचा वाद मात्र थांबलेला नाही. त्यासाठी मरीना गावाच्या किनाऱ्यावर वाळूखाली तिरप्या विहिरी घ्यायच्या आहेत. मरीनाला त्यातलं पाणी मिळणार नाही. विहिरी मात्र त्यांच्या किनाऱ्यावर, आणि आपल्या भूजलाला धोका होईल ही त्यांची भीती. राज्याच्या किनारा आयोगाने २०२२ मध्ये अटींसह परवानगी दिली. कंपनी म्हणते पुढच्या दशकांची मागणी पाहता कारखाना लागेल. जलजिल्हा म्हणतो सांडपाणी प्रकल्पाचा विस्तार, आणखी २,२५० एकर-फूट, पुरेल. मला मरीनाचं म्हणणं पटतं. नदीचा भार सीसाइडवर गेला तेव्हा काय झालं ते सर्वांनी पाहिलं आहे. तोच भार आता तिसऱ्या गावाच्या भूजलाजवळ नेताना पुराव्याचं ओझं नेणाऱ्यावर असायला हवं.

मधल्या काळात नदीवर एक मोठं काम पार पडलं. सॅन क्लेमेंटे धरण भूकंपात टिकणार नाही असं राज्याच्या तज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. मागचा गाळ एवढा होता की ट्रकने हलवणं परवडण्यासारखं नव्हतं. मग गाळ जागेवरच ठेवून नदीच सुमारे अर्धा मैल शेजारच्या ओढ्याच्या पात्रात वळवली आणि २०१५ मध्ये धरण उतरवलं. स्टीलहेडला त्या जागी आता भिंत चढावी लागत नाही.

कंपनी कुणाच्या मालकीची असावी हा प्रश्नही याच प्रकरणातून वर आला. २०१८ मध्ये मतदारांनी ती सार्वजनिक मालकीत घेण्याच्या बाजूने कौल दिला, जलजिल्ह्याने २०२३ मध्ये सुमारे ४४.९ कोटी डॉलर देऊ केले, कंपनीने ते नाकारले, आणि वर्षाच्या अखेरीस सक्तीच्या संपादनाचा दावा न्यायालयात दाखल झाला.

नव्या जोडण्यांवरची बंदी २०२१ संपल्यावर आपोआप उठली नाही. उपसा मर्यादेत आला एवढं पुरेसं नाही, पुढचा पुरवठा कायमचा आणि खात्रीचा आहे का, हा प्रश्न मंडळासमोर राहिला. राज्य दुसरीकडून या गावांना घरं बांधायचं उद्दिष्ट देतं. हॉटेलांत खोल्या आवरणारे, स्वयंपाकघरात राबणारे कितीतरी लोक सालिनासहून रोज गाडीने येतात, कारण इथे त्यांना परवडेल असं घर नाही. त्यांच्यासाठी चार मजली इमारतीचा नकाशा काढता येतो, जागाही दाखवता येते, आणि नकाशाच्या पाण्याच्या रकान्यात लिहायला आकडा नसतो.